डायनामोबरोबर गेलेल्या वस्तू

अमरावतीहून बडनेरा, मूर्तिजापूर करत अकोल्याला जाणारा रस्ता साधारण शंभर किलोमीटरचा. जून २०२२ मध्ये याच रस्त्यावर लोणी ते माना हा ७५ किलोमीटरचा डांबरी पट्टा १०५ तास ३३ मिनिटांत सलग घातला गेला आणि त्याची नोंद गिनेस बुकात झाली. आज त्यावरून धावणाऱ्या मोटारीत बॅटरी नेमकी कुठे बसवली आहे, हे चालवणाऱ्यांपैकी अनेकांना सांगता येणार नाही. सांगता येण्याची गरजही उरलेली नाही. ही यंत्राची प्रगतीच आहे आणि ती चांगली आहे.

साठ-सत्तर वर्षांपूर्वी याच वाटेने मोटार नेणाऱ्याला निघण्याआधी हिशोब मांडावा लागे. दिवसा जायचे की रात्री? दिवे किती वेळ लागतील? कापसाच्या बैलबंड्या कुठे आडव्या येतील? मुक्कामाला गाडी कुठे उभी करायची? या सगळ्याचे कारण एकच होते. मोटारीला स्वतःची बॅटरी नीट भरता येत नव्हती. गरज असे तेव्हा ती कमी भरे आणि गरज नसे तेव्हा नको इतकी भरे. या उणिवेपायी कितीतरी वस्तू, सवयी आणि धंदे उभे राहिले. उणीव दूर झाली तसे तेही चालले आहेत. जुन्या वर्कशॉपच्या फळीवर, वाड्याच्या मागे झाकून ठेवलेल्या गाडीत किंवा वयस्क मिस्त्रींच्या हातात जे अजून उरले आहे, त्याची ही यादी.

कार्बाइडचा दिवा

पितळी, वजनदार. एका कप्प्यात कॅल्शियम कार्बाइडचे खडे, वरच्या कप्प्यात पाणी. थेंब थेंब पाणी खड्यांवर पडले की ॲसिटिलीन वायू तयार होई आणि तो जळून पांढरा, प्रखर उजेड पडे. बॅटरीशी त्याचा संबंध नव्हता. गाडी हळू चालली काय किंवा उभी राहिली काय, उजेड तेवढाच. त्याचा जाच वेगळा होता: रोज चुन्याचा गाळ काढा, तोटी साफ करा, वारा सांभाळा. विजेचा दिवा आला तेव्हा हा जाच संपला, पण उजेड आता इंजिनाच्या फेऱ्यांवर अवलंबून राहू लागला. फोर्डच्या मॉडेल टी गाडीत काही वर्षे दिव्यांना फ्लायव्हीलवरच्या मॅग्नेटोची वीज असे. इंजिन जोरात फिरले की दिवे झगझगत आणि गाडी हळू झाली की मंदावत. ज्या वाटेवर खड्डा दिसायला हवा, तिथेच उजेड कमी.

हँडल

दोनदा काटकोनात वाकवलेली लोखंडी दांडी, सीटखाली किंवा डिकीत. १९१२ च्या कॅडिलॅकवर चार्ल्स केटरिंग यांचा विजेचा स्टार्टर आला. मॉडेल टीवर तो यायला १९१९ उजाडले. पण हा स्टार्टर, म्हणजे सेल्फ, आला म्हणून हँडल गेले नाही. लष्कराच्या डिस्पोजलमधून आलेल्या जीपला ते होते आणि अँबॅसिडरलाही होते. सेल्फ क्षणात शंभराहून जास्त अँपिअर ओढतो, आणि रात्रीच्या दिव्यांनी उतरलेल्या बॅटरीत सकाळी तेवढा दम नसे.

हँडल मारण्याची रीत ठरलेली होती. अंगठा बाकी बोटांच्याच बाजूला ठेवायचा, दांडीभोवती वेढा घालायचा नाही. खालून वर ओढायचे, वरून खाली रेटायचे नाही. स्पार्क आधी मागे घ्यायचा. इंजिनाने उलटा झटका दिला आणि यातला एखादा नियम मोडलेला असला, तर मनगट मोडे. ही रीत माहीत असलेले आता थोडे आहेत. जुनी गाडी विकत घेणाऱ्याने ती आधी शिकावी.

डायनामो

नळकांड्यासारखा काळा डबा, फॅनबेल्टवर फिरणारा. आत आर्मेचर, भोवती फिल्ड कॉइल, टोकाला तांब्याच्या पट्ट्यांचा कम्युटेटर आणि त्यावर टेकलेले कारबन, म्हणजे कार्बनचे ब्रश. निर्माण होणारी सगळी वीज या फिरत्या पट्ट्यांवरून कारबनमार्गे बाहेर येते. म्हणून कारबन झिजतो, त्याची भुकटी पट्ट्यांमधल्या फटीत बसते, ठिणग्या उडतात आणि पट्ट्या काळ्या पडतात. आर्मेचरवरचे वेढेही जोरात फिरत असल्याने डायनामोला फार वेगाने पळवता येत नाही. वेग वाढवता येत नाही म्हणून पुली मोठी ठेवावी लागते, आणि पुली मोठी म्हणून इंजिन हळू असताना डायनामो जवळजवळ काहीच देत नाही.

साठच्या दशकातल्या बारा व्होल्टच्या इंग्रजी धाटणीच्या गाडीचा हिशोब पाहा. डायनामो भर वेगात वीस-बावीस अँपिअर देई. दोन मोठे दिवे, मागचा दिवा आणि इग्निशन मिळून दहाएक अँपिअर खात. कागदावर ताळेबंद नफ्याचा दिसतो. पण कापसाचा हंगाम आहे, अकोल्याच्या वाटेवर जिनिंगकडे निघालेल्या बंड्यांची रांग आहे आणि अंधार पडला आहे, अशी रात्र डोळ्यांपुढे आणा. मोटार बैलांच्या चालीने सरकते. इंजिनाचे मिनिटाला सहाशे-सातशे फेरे, डायनामोचे हजाराच्या आसपास. वीज सुरू व्हायला त्याहून जास्त लागतात. म्हणजे आवक शून्य आणि जावक दहा अँपिअर. पन्नास अँपिअर-तासांची नवी बॅटरी हिशोबाने पाच तास टिकावी. तीन उन्हाळे काढलेली बॅटरी त्याच्या निम्मेही टिकत नसे.

तिसरा कारबन

विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकांत मोटारींवर जे डायनामो आले, त्यांपैकी पुष्कळांत दोन मुख्य कारबनांच्या जोडीला तिसरा, सरकवता येणारा कारबन असे. फिल्डला वीज तिथून मिळे. वेग वाढला की आर्मेचरच्या स्वतःच्या चुंबकत्वाने आतले क्षेत्र तिरपे होई, तिसऱ्या कारबनला मिळणारा विजेचा दाब घटे आणि डायनामो आपोआप आवरला जाई. ताशी चाळीस-पन्नास किलोमीटरला सर्वांत जास्त वीज आणि त्यापुढे उलट कमी. वेगळा रेग्युलेटर नाही आणि खर्चही नाही. कल्पना हुशारीची होती.

दोष असा की या रचनेला बॅटरीची अवस्था कळत नाही. बॅटरी रिकामी असो की काठोकाठ भरलेली, प्रवाह तेवढाच. मिस्त्री तो हाताने ठरवत. कारबन फिरण्याच्या दिशेने सरकवला की चार्ज वाढे, उलट सरकवला की घटे. दिवसाच्या प्रवासाला एक जागा आणि रात्रीच्या प्रवासाला दुसरी. एकदा बसवून ठेवलेली जागा वर्षभर योग्य राहणे शक्यच नव्हते.

दुसरा दोष याहून घातक. अशा डायनामोला बॅटरी हाच लगाम. बॅटरीचे टर्मिनल ढिले पडले किंवा गंजाने सुटले की दाब एकदम चढे, दिवे फटाफट उडत आणि फिल्ड कॉइल जळे. ज्यांच्या गाडीवर हा डायनामो अजून आहे, त्यांनी चालू इंजिनावर बॅटरीची तार कधीही काढू नये.

दिवसा लावलेले दिवे

भर दुपारी, स्वच्छ उन्हात, जुनी मोटार दिवे लावून चालली आहे. पाहणाऱ्याला वाटे, विसरला असेल. विसरलेला नसे. लांबच्या सरळ प्रवासात तिसऱ्या कारबनचा डायनामो भरलेल्या बॅटरीत वीज ओततच राही. पाणी उकळल्यासारखे बुडबुडे येत, ॲसिड टोपणातून बाहेर सांडे, प्लेटा वाकत. दिवे लावून जादा वीज खर्च करणे हाच उपाय. पयनघाटातले, म्हणजे वऱ्हाडाच्या सखल भागातले, रस्ते सपाट आणि सरळ, पूर्णेच्या खोऱ्यात चढउतार नाहीत. इथे एका वेगाने तासन् तास गाडी जाई, आणि दिवसाच्या अशाच प्रवासात बॅटरी सर्वांत जास्त भाजली जाई.

कटआउट

लहान डब्यातले एक रिले. डायनामोचा दाब बॅटरीपेक्षा वर गेला की टोके जुळतात आणि चार्जिंग सुरू होते. दाब पडला की सुटतात. हे दार नसते तर इंजिन थांबताच बॅटरीची वीज उलट डायनामोत शिरून त्याला मोटरसारखे फिरवू पाहील. बेल्टने बांधलेला असल्याने तो फिरणार नाही, नुसता तापेल.

टोके चिकटली की नेमके तेच होई. बंद गाडीतून जळक्या वासाचा धूर येऊ लागला की बॅटरीची तार आधी उपटायची, मग बॉनेटमध्ये पाहायचे. टोके साफ करायची ती बारीक काचकागदाने. एमरी वापरली की तिचे कण रुतून बसतात आणि टोके पुन्हा जळतात.

अँपिअरचा काटा

डॅशबोर्डवरची गोल तबकडी. मध्ये शून्य, उजवीकडे अधिक, डावीकडे उणे. जुना ड्रायव्हर जितके रस्त्याकडे पाही तितके या काट्याकडे. गाडी सुरू केल्यावर काटा उजवीकडे झेपावून हळूहळू मध्याकडे आला, तर सर्व ठीक. दिवे लावल्यावर डावीकडे पडून तिथेच राहिला, तर बेल्ट ढिला किंवा कारबन संपले. थरथरत राहिला, तर कम्युटेटर घाण. उजवीकडे टोकाला चिकटून राहिला, तर रेग्युलेटर गेला. एका काट्यात एवढे निदान होते. अकोला-अमरावतीकडचे मिस्त्री नव्या पोराला सांगत, "भाऊ, रस्ता पाहजा तसा काटाही पाहजा."

पुढे काट्याच्या जागी लाल दिवा आला. तो चार्जिंग बंद आहे एवढेच सांगतो. जास्त होत आहे, हे सांगत नाही. म्हणून जुन्या गाडीचा काटा बंद पडला असला तरी काढून टाकू नये. दुरुस्त करून घ्यावा.

सहा व्होल्ट

तीन घरांची बॅटरी. फोर्डच्या गाड्या १९५५ पर्यंत सहा व्होल्टवर होत्या, विलिज जीपही सहाचीच. तेवढ्याच उजेडाला बारा व्होल्टपेक्षा दुप्पट अँपिअर लागतात आणि तारेत दाब दुप्पट पडतो. सहातून अर्धा-पाऊण व्होल्ट गंजलेल्या जोडात मेला की दिव्यापर्यंत सव्वापाच-साडेपाच पोचतात. दाब दहा टक्क्यांनी घटला की उजेड सुमारे तीस टक्क्यांनी घटतो. सहा व्होल्टच्या गाडीचे दिवे पिवळे म्हणून लोक त्या गाडीला दोष देत. बहुतेक वेळा दोष बॅटरी बॉडीला जोडणाऱ्या अर्थच्या पट्टीखालच्या गंजाचा असे. जाड तार आणि चकचकीत घासलेले जोड एवढ्यावर या गाड्या आजही नीट चालतात. पुष्कळांनी मात्र त्या बाराच्या करून घेतल्या, आणि मूळचे सहाचे बल्ब, हॉर्न, रिले भंगारात गेले.

रेग्युलेटरचा डबा

तिशीच्या दशकात तिसऱ्या कारबनच्या जागी हळूहळू रेग्युलेटर आला. लुकासचा आरबी १०६ हा डबा पुढे आपल्याकडच्या मॉरिस आणि अँबॅसिडर धाटणीच्या गाड्यांवर दिसे. काळ्या झाकणाखाली दोन कॉइली: एक कटआउट, दुसरी व्होल्टेजची. व्होल्टेजची टोके सेकंदाला कित्येक वेळा उघडझाप करतात आणि फिल्डच्या वाटेत रेझिस्टन्स आत-बाहेर करत राहतात. थंडीत दाब थोडा जास्त आणि उन्हात कमी राहावा म्हणून आत दोन धातूंची पट्टीही बसवलेली. बॅटरीला किती हवे हे ओळखणारी ही सोय.

मद्रासला १९६१ मध्ये लुकास-टीव्हीएस सुरू झाल्यावर हे भाग देशातच बनू लागले. उणीव एवढीच उरली की सगळा कारभार स्प्रिंगच्या ताणावर आणि केसाएवढ्या फटीवर होता. धूळ बसली, टोक जळले, कोणी अंदाजाने स्क्रू फिरवला, की बिघाड. वऱ्हाडातल्या काळ्या मातीची धूळ बारीक आणि चिवट असते. झाकणाचा रबर गेलेला डबा एका उन्हाळ्यात आतून काळा होई.

उलटी अर्थ

इंग्रजी गाड्यांना बराच काळ बॅटरीचे धन टोक बॉडीला जोडलेले असे. फोर्डलाही तसेच. फियाट आणि जीपला ऋण. एकाच वर्कशॉपमध्ये दोन्ही प्रकार येत. डायनामो दुरुस्त करून बसवताना त्याला दिशा द्यावी लागे: बॅटरीची तार फिल्डच्या टोकाला क्षणभर टेकवायची, बारीक ठिणगी उडाली की काम झाले. हे विसरले तर डायनामो उलट्या दिशेने चार्ज देतो आणि कटआउटची टोके जाळतो. डायनामो उलटसुलट जोडला तर एकदा सावरतो. पुढे डायनामोच्या जागी आलेल्या अल्टरनेटरचे डायोड सावरत नाहीत. धन अर्थच्या गाडीवर विचार न करता अल्टरनेटर चढवणाऱ्यांनी हे पैसे मोजून शिकून घेतले आहे.

डांबराची बॅटरी

एबोनाइटचा काळा डबा, वर डांबरासारखा थर, घराघराला जोडणाऱ्या शिशाच्या उघड्या पट्ट्या, प्लेटांमध्ये लाकडाच्या पातळ फळ्या. एक घर मेले तर डांबर तापवून तेवढेच घर उघडत, नव्या प्लेटा घालत आणि शिसे ओतून पट्टी पुन्हा जोडत. आजच्या बंद प्लास्टिकच्या बॅटरीत हे करता येत नाही.

दोषही मोठा होता. उन्हात डांबर मऊ होऊन चिरा पडत. दोन पट्ट्यांमधल्या ओल्या धुळीतून वीज गळत राही, म्हणून आठवडाभर उभी असलेली गाडी आपोआप उतरे. आणि रस्त्याकडेला शिसे वितळवणाऱ्या माणसाच्या फुप्फुसात काय जात होते, याचा विचार कोणी केला नाही. २००१ च्या आणि पुढे २०२२ च्या बॅटरीविषयक नियमांनी जुन्या बॅटऱ्यांची विल्हेवाट कायद्याखाली आणली. या यादीतली ही एक गोष्ट गेली ते बरेच झाले.

पाणी

अकोला, अमरावती आणि बुलडाणा जिल्ह्यांतला पूर्णाकाठचा खारपाणपट्टा सर्वांना ठाऊक आहे. विहिरीचे पाणी खारे, पिकालाही जड. बॅटरीला तर विषच. पाण्यातले क्लोराइड आणि लोह प्लेटा खातात आणि बॅटरी स्वतःतच उतरत राहते. जास्त चार्ज करणाऱ्या डायनामोच्या गाडीला पाणी वारंवार लागे. दर्यापूर किंवा अकोटकडच्या खेड्यात डिस्टिल्ड वॉटर नसले आणि विहिरीचे ओतले, तर तिथून पुढे बॅटरीचे दिवस भरलेच. जाणते लोक पावसाचे पाणी काचेच्या बरण्यांत साठवून ठेवत. पहिल्या सरी जाऊ द्यायच्या, पत्र्यावरून आलेले घ्यायचे नाही. डायनामोची उणीव आणि इथल्या भूगर्भाची उणीव अशी एकाच बॅटरीत भेटत होती.

हायड्रोमीटर

काचेची नळी, वर रबराचा फुगा, आत तरंगणारी लहान काच. भरलेल्या बॅटरीचे ॲसिड १.२८० दाखवते, उष्ण मुलखात ते मुद्दाम सौम्य, १.२४० च्या आसपास ठेवतात. मे महिन्यात अकोल्याचा पारा पंचेचाळिशीच्या वर जातो आणि बॉनेटखाली त्याहून किती तरी जास्त. तापमान दहा अंशांनी वाढले की बॅटरीतली झीज साधारण दुप्पट होते. थंड देशासाठी ठरवलेला चार्ज इथे उन्हाळ्यात अतिरेकी ठरे. नळीतला आकडा पाहून, ऋतू पाहून चार्ज कमी-जास्त करणारा बॅटरीवाला खरे तर इंग्रजी-अमेरिकी यंत्र वऱ्हाडाच्या हवेशी जुळवून घेत होता.

चार्जिंगचे दुकान

एसटी स्टँडजवळ किंवा मुख्य रस्त्यावर एक खोली. भिंतीलगत लाकडी फळीवर बॅटऱ्या एका ओळीत जोडलेल्या, टोपणे उघडी, आंबट वास. रेक्टिफायर आधी टंगारच्या बल्बचा, मग सेलेनियमच्या चकत्यांचा. बॅटरीच्या क्षमतेच्या दहाव्या हिश्श्याने, सावकाश, रात्रभर चार्ज. गिऱ्हाईक बॅटरी सोडून जाई आणि तोवर दुकानदाराची जुनी बॅटरी भाड्याने लावून नेई. मोटारमालक, जीप वापरणारे शेतकरी आणि लाउडस्पीकरवाले अशी सर्वांची तिथे गाठ पडे. वीज गेली की सगळ्या ओळीचे काम अडे.

उताराची जागा

गाडी उतारावर उभी करण्याची सवय. चिखलदऱ्याला गेले की कुठेही उतार सापडतो. अकोल्यात तो शोधावा लागतो. पुलाची चढण, रेल्वे फाटकाजवळचा भराव, जिनिंगच्या धक्क्याचा उतार, असल्या जागा ड्रायव्हरांना पाठ असत. सकाळी ब्रेक सोडायचा, दुसऱ्या गिअरमध्ये क्लच सोडायचा. बॅटरी अगदीच बसली असेल तर तेही चालत नसे, कारण कॉइल इग्निशनलाही थोडी वीज लागतेच. मॅग्नेटोच्या गाडीला ती अडचण नव्हती.

रिवाइंडिंगचा हात

यादीत सर्वांत मोलाचे हेच. जळलेले आर्मेचर उघडायचे, वेढे मोजून वहीत लिहायचे, सुती आवरणाची किंवा इनॅमलची तार त्याच क्रमाने गुंडाळायची, वार्निश पाजून भट्टीत वाळवायचे. कम्युटेटर लेथवर गोल करायचा आणि पट्ट्यांमधला अभ्रक करवतीच्या पात्याने बारीक खोल कापायचा, म्हणजे कारबन उड्या मारणार नाही. हे काम करणारे अमरावतीत, अकोल्यात आता प्रामुख्याने पंपांच्या मोटारी भरतात. डायनामोची वही अनेकांनी टाकून दिली आहे.

आता

१९६० मध्ये क्रायस्लरने व्हॅलियंटवर अल्टरनेटर आणला. सिलिकॉन डायोड स्वस्त झाले, मुख्य वीज स्थिर कॉइलींतून निघू लागली, कारबनवर फक्त फिल्डचा थोडा भार उरला. त्यामुळे अल्टरनेटर वेगाने फिरू शकतो आणि इंजिन सावकाश चालत असतानाही बॅटरी भरतो. डायोडच उलटी वीज अडवतात, म्हणून कटआउट लागत नाही. आपल्याकडे अँबॅसिडर आणि पद्मिनीवरही पुढे तो आला. डायनामोपेक्षा अल्टरनेटर चांगला आहे, यात वाद नाही.

तरी ही यादी करण्याचे कारण आहे. जुलै २०२१ मध्ये केंद्र सरकारने मोटार वाहन नियमांत दुरुस्ती करून पन्नास वर्षांपेक्षा जुन्या, मूळ रूपात राखलेल्या गाड्यांना 'व्हिंटेज' म्हणून वेगळी नोंदणी दिली. क्रमांकात 'व्हीए' अक्षरे, वीस हजार रुपये शुल्क, दहा वर्षांची मुदत. वऱ्हाडातल्या वाड्यांत, मळ्यांत अशा गाड्या अजून असतील. त्या बाहेर निघतील तेव्हा चेसिस आणि बॉडी शाबूत मिळेल. डायनामो मात्र तांब्याच्या भावाने विकला गेलेला असेल आणि कारबन कुठे सरकवायचा हे सांगणारे कोणी नसेल.

तेव्हा ज्यांच्या घरी अशी गाडी आहे त्यांना विनंती. अल्टरनेटर बसवायचा असेल तर बसवा, पण काढलेला डायनामो, कटआउट आणि रेग्युलेटर तेलकट फडक्यात गुंडाळून त्याच गाडीच्या डिकीत ठेवा. अर्थ धन आहे की ऋण, हे बॉनेटच्या आतल्या बाजूला रंगाने लिहून ठेवा. आणि तुमच्या गावात डायनामो भरणारे एखादे वयस्क मिस्त्री असतील, तर या आठवड्यातच त्यांच्याकडे जा आणि त्यांच्या वहीची पाने उतरवून घ्या.